अनामत रक्कम आणि लेन्सवरचा ओरखडा

गेल्या मे महिन्यात आमच्या मुलाला, जो तेव्हा नुकताच आठवीत गेला होता, आम्ही नवी पेठेतल्या एका दहा दिवसांच्या छायाचित्रण शिबिरात घातले. शुल्क ६,५०० रुपये होते, आणि कॅमेरा शिबिराकडूनच मिळणार असल्यामुळे ३,००० रुपये अनामत वेगळी द्यायची होती, जी शेवटच्या दिवशी परत मिळेल असे तोंडी सांगण्यात आले. दोन्ही रकमा आयोजकांच्या वैयक्तिक खात्यावर यूपीआयने पाठवल्या आणि पावती मागितली नाही, ही चूक माझीच.

शिबिराच्या दर्जाची कल्पना खरे तर दुसऱ्याच दिवशी यायला हवी होती. मुलाने घरी येऊन सांगितले की कॅमेऱ्याच्या वरची मोड बदलण्याची चकती ‘ऑटो’वर, म्हणजे सगळे कॅमेराच ठरवेल अशी, ठेवून तिच्यावर चिकटपट्टी लावलेली आहे, म्हणजे मुलांनी ती फिरवून ‘बिघडवू’ नये. शटरचा वेग, अ‍ॅपर्चर (लेन्समधून प्रकाश आत येण्याचे छिद्र) आणि आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता) यांचा मेळ शिकवण्यासाठी भरलेल्या शिबिरात त्या तिन्हींना हातच लावायचा नाही, हे ऐकून मी हसले आणि विषय सोडून दिला. पुढे शनिवारवाड्यावर ‘आउटडोअर’ नेले तेही भर दुपारी बारा वाजता. मेच्या दुसऱ्या आठवड्यात पुण्यात शून्य सावलीचा दिवस येतो. सूर्य असा थेट डोक्यावर असताना काढलेल्या प्रत्येक चेहऱ्यावर डोळ्यांच्या जागी दोन काळे खड्डे आले होते. ज्याला प्रकाश कळतो तो माणूस मुलांना सकाळी साडेसहाला बोलावतो.

तरीही ही फसवणूक नव्हती, निकृष्ट शिकवणी होती. फसवणूक शेवटच्या दिवशी झाली. अनामत मागायला गेले तेव्हा आयोजक म्हणाले, ‘‘ताई, लेन्सच्या काचेवर ओरखडा आहे, दुरुस्तीला अनामतीपेक्षा जास्त खर्च येतोय, तरी आम्ही वरचे पैसे मागत नाही.’’ मी पुरावा मागितला, तेव्हा ओरखडा नीट दिसावा म्हणून त्यांनी फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंटच्या रूपात पाठवला. दोन दिवसांनी मुलाच्या मित्राच्या आईशी बोलले, तर त्यांनाही तोच फोटो आला होता, काचेच्या कडेला धुळीचा तोच ठिपका असलेला. एका काचेवरच्या एका ओरखड्याचे पैसे किती मुलांकडून घेतले, हे आम्ही विचारत गेलो तेव्हा कळले: आम्हाला भेटलेल्या पाचही घरांतून.

व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो पाठवला की त्यातली मूळ माहिती पुसली जाते, डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर ती राहते. मुलाने फाईलचा तपशील उघडला. फोटो काढल्याची तारीख आधीच्या नोव्हेंबरमधली होती. शिबिरात न शिकवलेली ही गोष्ट त्याला त्याच्या मामाकडून ठाऊक होती.

तारीख दाखवल्यावर आयोजकांनी फोन उचलणे बंद केले. आम्ही पाच जणांनी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली, आणि आता जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाण्याची तयारी चालली आहे. खरेदीची किंवा सेवेची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर तिथे शुल्क लागत नाही, पण घटनेपासून दोन वर्षांच्या आत जावे लागते. अडचण एवढीच की अनामत परत देण्याची अट आमच्याकडे कुठेही लेखी नाही, फक्त यूपीआयचे स्क्रीनशॉट आणि ती फाईल आहे.

यंदा कोणी मुलांना अशा शिबिरात घालणार असेल तर कॅमेरा हातात घेतानाच काच उजेडाकडे धरून आयोजकांच्या समोर तिचा व्हिडिओ काढावा, आणि अनामतीच्या पावतीवर कॅमेऱ्याच्या तळाशी असलेला अनुक्रमांक लिहून घ्यावा. त्याला कोणी नकार दिला, तर पैसे देऊ नयेत.