कमवा व शिका: केमिस्ट्री लॅबमध्ये काम केल्यानंतरचा अनुभव

'कमवा व शिका घेऊ का?' असं पहिल्या वर्षाची मुलं सारखी विचारतात. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षापासून शेवटपर्यंत मी या योजनेत होतो, आता एम.एस्सी. करतोय. म्हणून सविस्तर लिहितो.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९४७ साली साताऱ्याला छत्रपती शिवाजी कॉलेज काढलं, तिथे गरिबाघरची मुलं श्रम करून शिकली. त्याच विचारातून आलेली ही योजना आज पुणे विद्यापीठाच्या अनेक कॉलेजांत चालते. तासावर मानधन मिळतं, काम लायब्ररीत, ऑफिसात, बागेत किंवा एखाद्या विभागात.

आधी पैशांचं. परीक्षा फी आणि बसचा पास सुटतो, मेस सुटत नाही. आमच्याकडे मानधन बऱ्याचदा महिनोन्महिने रखडायचं. खोलीमालक थांबत नाही, त्यामुळे ज्याचं सगळं यावरच अवलंबून आहे त्याचे हाल होतात. हे सुधारायलाच हवं.

पण मला खरं मिळालं ते लॅबमध्ये. प्रॅक्टिकलच्या आदल्या दिवशी मामांबरोबर, म्हणजे आमच्या लॅब अटेंडंटबरोबर, द्रावणं तयार करायची. ०.१ नॉर्मल (नॉर्मल हे द्रावणाच्या तीव्रतेचं माप) ऑक्झॅलिक ॲसिड म्हणजे लिटरला ६.३ ग्रॅम, हे वहीत सगळेच लिहितात. पूर्ण बॅचसाठी ते स्वतः वजन करून, थोड्या डिस्टिल्ड वॉटरमध्ये आधी नीट विरघळवून, मग खुणेपर्यंत भरताना हाताला कळतं. पोटॅशियम परमँगनेटचं जांभळं द्रावण तपकिरी बाटलीत ठेवायचं, ग्लास वूलमधून गाळायचं, फिल्टर पेपरमधून नाही, कारण कागदाशीच त्याची रिॲक्शन होते. ब्युरेटमध्ये, म्हणजे खुणा असलेल्या मोजनळीत, रंग गडद, म्हणून रीडिंग द्रावणाच्या वरच्या कडेचं घ्यायचं. मामा केमिस्ट्री शिकलेले नाहीत, पण वर्षानुवर्षं हेच केलेलं. एकेक गोष्ट त्यांनी शेजारी उभं राहून दाखवली.

पुढे एका औषध कंपनीत क्वालिटी कंट्रोलच्या मुलाखतीत विचारलं, परमँगनेट प्रायमरी स्टँडर्ड (नुसतं वजन करून ज्याचं अचूक तीव्रतेचं द्रावण बनवता येतं असा पदार्थ) का नाही? ते पूर्ण शुद्ध मिळत नाही, त्यात मँगनीज डायऑक्साइडचा अंश असतो आणि ठेवल्यावर हळूहळू विघटन होतं, म्हणून आधी ऑक्झॅलिक ॲसिडशी ताडून घ्यावं लागतं. मी कसं ताडतो, द्रावण किती गरम करतो, तेही सांगितलं. नोकरीचं पत्र आलं.

तरी एम.एस्सी.ला गेलो, ते विभागातल्या मॅडममुळे. आयआयटीत एम.एस्सी.साठी जॅम नावाची परीक्षा असते, हे आमच्या गटात कुणालाच माहीत नव्हतं. काम संपल्यावर त्यांनी फॉर्म भरायला बसवलं, जुने पेपर दिले, अडलेलं फळ्यावर सोडवून दाखवलं. आयआयटीपुरती रँक आली नाही, पण त्याच अभ्यासावर विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेत निभावलं. रोज लॅबमध्ये दिसत नसतो, तर मॅडमना माझं नावही माहीत झालं नसतं. वर्गातल्या हुशार पण बुजऱ्या मुलांना ही जवळीक मिळत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

काही कॉलेजांत मात्र मुलांना नुसतं झाडायला आणि गठ्ठे उचलायला लावतात. कष्टाला मी कमी लेखत नाही, पण तीन वर्षं तेवढंच केलेल्या मित्राच्या हाती मानधनापलीकडे काही पडलं नाही.

अर्ज बहुधा वर्षाच्या सुरुवातीलाच घेतात. आधारशी जोडलेलं बँक खातं तयार ठेवा. काम कुठे हवं असं विचारलं, तर आपल्याच विषयाचा विभाग मागा. विचारलं नाही, तर विभागप्रमुखांना जाऊन भेटा. आणि परीक्षेच्या महिन्यात तास कमी करून मिळतात, तेही पहिल्याच दिवशी बोलून घ्या.