'इन्सुलिन सोडवतो' म्हणणाऱ्याला मी ३५,८०० रुपये दिले

लिहायची लाज वाटते, तरी लिहितो. मुलगी अकरा वर्षांची, टाइप वन डायबेटिस. म्हणजे शरीर स्वतःचं इन्सुलिन जवळपास बनवतच नाही, ते रोज टोचावंच लागतं. निदानाला महिना होत नाही तोच मी एका 'वैद्या'च्या नादी लागलो. पहिला कोर्स १४,५००, दुसरा १४,५००, वर 'स्वादुपिंड शुद्धी'चं किट ६,८००. पावती नाही, कोऱ्या चिठ्ठीवर नुसता आकडा. पक्कं बिल न देणाऱ्याकडून गोळीसुद्धा घेऊ नका.

मी बावळट नाही हो. बँकेत आहे, दिवसभर लोकांना ओटीपी देऊ नका म्हणून सांगतो. पण पोटच्या पोरीला रोज चारदा सुई टोचून बघा, मग मला हसा.

त्याच्या खोलीत बऱ्या झालेल्यांच्या फोटोंनी भिंत भरलेली. बायको हळूच म्हणाली, "अहो, यात एक तरी लहान पोर दिसतंय का?" सगळे साठीचे, केस पिकलेले. मी म्हटलं, "असतील दुसरीकडे." तिथेच उठायला हवं होतं! टाइप वन की मोठ्यांत जास्त दिसणारा टाइप टू, ज्यात शरीर थोडंफार इन्सुलिन बनवतं, हे त्याने विचारलंच नाही. विचारलं काय, तर "निदान होऊन किती दिवस झाले?"

हा प्रश्न का, ते फार उशिरा कळलं. इन्सुलिन सुरू झाल्यावर स्वादुपिंडातल्या उरल्यासुरल्या बीटा पेशी, म्हणजे इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी, काही आठवडे, कधी काही महिने, थोडं काम करतात. डॉक्टर त्याला हनिमून पिरियड म्हणतात. आमचा डोस दिवसाला १८ युनिटवरून ७ वर आला आणि श्रेय गेलं पावडरीला. मी पेढे वाटले. डॉक्टरांनी हे आधीच सांगितलं होतं, असं बायको म्हणते. त्या दिवशी माझ्या डोक्यात काही शिरत नव्हतं.

वैद्य म्हणाला, "आता सात काय नि शून्य काय, इन्सुलिन बंद करा." केलं. पाचव्या दिवशी उलट्या सुरू झाल्या. फोनवर म्हणतो, "विष बाहेर पडतंय, घाबरू नका." रात्री तिला धाप लागली, तोंडाला सडक्या फळासारखा वास. कीटोअॅसिडोसिस, म्हणजे इन्सुलिन नसल्याने रक्तात आम्ल साठणं, जिवावर बेतणारं. चार दिवस आयसीयू, बिल ९२,४६०. असा वास आला तर कुणालाही फोन करत बसू नका, थेट दवाखाना गाठा.

पोलीस ठाण्यात ऐकवलं, "पैसे तुम्ही राजीखुशीने दिलेत ना?" औषध खात्यात गेलो तर बिल आणा, बॅच नंबर आणा. डब्यावर बॅच नंबर नाही, हीच तर तक्रार आहे, साहेब! डायबेटिस बरा करतो अशी जाहिरात करायला १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. तो कागद छापून नेला, तर बाबू म्हणाला, "आवकला द्या." आवकवाला जेवायला गेलेला. असे चार हेलपाटे झाले.

१९२२ च्या आधी ही पोरं उपाशी ठेवूनही जगत नव्हती. इन्सुलिन आलं म्हणून माझी जगतेय, आणि तेच मी माझ्या हाताने बंद केलं.

डबे अजून माळ्यावर आहेत. पंचनाम्याला येतो म्हणाले होते.