पेशंट पडू नये म्हणून एआय कॅमेरा : सात महिन्यांच्या नाइटनंतर

पुण्यातल्या एका खासगी हॉस्पिटलात मी मेडिसिन वॉर्डची सिस्टर आहे. सात महिन्यांपूर्वी आमच्या बारा बेडवर एआय कॅमेरे बसले. खरेदी वरच्यांनी केली, निस्तरतो आम्ही.

पेशंटच्या पायांकडच्या भिंतीवरचा कॅमेरा अंधारातही इन्फ्रारेडवर बघतो. स्क्रीनवर पेशंटच्या जागी नुसता काड्यांचा माणूस, चेहरा नाही. उठून बसला की पिवळा, पाय कॉटखाली सोडले की लाल, आणि स्टेशनवरचा टॅब वाजतो. जुन्या अलार्मचं गादीखालचं पॅड पेशंटचं वजन उचललं गेल्यावर ओरडायचं, तोवर पेशंट उभा नाहीतर आडवा. तसल्या अलार्मची अमेरिकेत मोठी चाचणी झाली होती, २०१२ साली छापून आली. अलार्म वाढले, पडणं काही कमी झालं नाही. मला नवल वाटलं नाही.

पहिला महिना तोंडाला फेस आला. भेटीच्या वेळेत सून डबा घेऊन येणार, कॉटवर टेकून सासऱ्यांना भरवणार, आणि टॅबचा ठणाणा. दुसऱ्या आठवड्यात आम्ही आवाजच बारीक केला, खोटं कशाला बोलू. मग इंजिनियरने ‘दोन माणसं दिसली तर गप्प’ असं सेटिंग केलं. तर बाकावर घोरणारा मुलगाही त्याला राखणदार वाटायला लागला! तेही दुरुस्त झालं.

गोधडीचं मात्र झालेलं नाही. भोरकडच्या एक आजी होत्या. हॉस्पिटलचं ब्लँकेट टोचतं म्हणून घरची गोधडी आणलेली. पहाटे पावणेचारला ती डोक्यावरून घेऊन त्या कॉटच्या कडेला येऊन बसल्या, पाय खाली. कॅमेऱ्याला दिसला कापडाचा ढीग. मी शेजारच्या बेडची सलाईन बदलत होते म्हणून निभावलं.

“आजी, बेल का नाही दाबली?”

“अगं, तू आत्ता कुठं टेकली होतीस. लघवीला जायला माणूस कशाला उठवायचं?”

ॲडमिशनला आम्ही मॉर्स स्केल भरतो, म्हणजे पेशंट पडण्याचा धोका मोजायचा गुणांचा तक्ता. सलाईनचे २०, दुसरा आजार असला तर १५, चाल अशक्त असली तर १०, झाले ४५. म्हणजे ‘हाय रिस्क’. मेडिसिन वॉर्डात यातून सुटतो कोण? अख्ख्या वॉर्डाच्या मनगटांना धोक्याचे पिवळे पट्टे बांधले तरी रात्री दोन सिस्टरांनी नेमकं कुणाकडे बघायचं, हे कागद सांगत नाही. लाल दिवा सांगतो. एवढ्यासाठी मी त्याला मानते.

खरा फायदा वेगळाच निघाला. नोंदी काढल्या तर लाल अलर्ट रात्री दहा ते बारा आणि पहाटे चार-पाचला दाटलेले. हे बाथरूमसाठी उठणारे. त्यातल्या चौघांना लॅसिक्सचा दुसरा डोस रात्री आठला चालू होता. लघवी होण्याचंच औषध ते, झोप कुठली लागणार? डॉक्टरांना दाखवलं, डोस दुपारी दोनवर आला. आता दहाला आणि चारला आम्हीच विचारत फिरतो, “बाथरूमला जायचंय का?” रात्रीचं टॅबचं वाजणं निम्म्यावर आलं. हेच आम्ही तोंडी किती वर्षं सांगत होतो. आलेख दिसल्यावर ऐकू आलं.

एक राग आहे, लिहितेच. त्याच नोंदींवरून मला मेमो आला : अलर्ट २:१४, सिस्टर पोचली २:१७. त्या तीन मिनिटांत मी आणि जोडीदारीण दुसऱ्या बेडवर सीपीआर देत होतो. ते कॅमेऱ्याच्या कक्षेत नव्हतं, म्हणून नोंदीतही नाही. स्पंज करताना कॅमेरा बंद करायचं बटण आहे, पण प्रत्येक वेळी कारण टाइप करावं लागतं. ओल्या हाताने!

सात महिन्यांत एकच काका पडले, बाथरूममध्ये, ओल्या फरशीवर. तिथे कॅमेरा नाही आणि नसावाच. तिथे धरायला दांडी बसवायचा अर्ज कॅमेऱ्यांच्याही आधीचा आहे.

गोधडीचं बघायला इंजिनियर येत्या सोमवारी येणार आहे. गेल्या दोन महिन्यांतले सगळे सोमवार तो येणारच होता.