जिप्सी की जीप? अंगणात उघडायला कोणती जुनी फोर-बाय-फोर घ्यावी

जुनी फोर-बाय-फोर घ्यायची आणि होईल तेवढं काम स्वतःच्या हातानं करायचं, असं ठरवलं की आपल्याकडे फिरून फिरून दोनच नावं पुढे येतात: मारुतीची जिप्सी आणि महिंद्राची एमएम५४० जीप. आमच्या चिपळूणच्या अंगणात दोन्ही उभ्या आहेत. जिप्सी किंग माझी, जीप थोरल्या भावाची, आणि नट मी दोन्हींचे सोडलेत. माझं मत आधीच सांगतो. एकट्यानं, रविवारच्या रविवारी, बेताच्या हत्यारांवर काम करणार असाल तर जिप्सी घ्या. मोकळी जागा असेल, हाताखाली दोन माणसं मिळत असतील आणि चांगला लेथवाला जवळ असेल तर जीप घ्या. पण गाडीखाली झोपल्याशिवाय दोन्हींपैकी कुठलीच घेऊ नका.

इंजिनाची चिंता बहुतेक जण नको तेवढी करतात. इंजिन बिघडलं तर उघडता येतं, रिबोर होतं, नाहीतर दुसरं मिळतं. चेसी, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा, सडली असेल तर घरी काहीच करता येत नाही. कोकणातल्या खाऱ्या हवेत जिप्सीचा पातळ पत्रा आधी जातो: मॅटखालचा फ्लोअर, मागच्या चाकांवरचे कोपरे, बॉडी जिथे चेसीवर बसते ते माउंट. वरून रंग चकचकीत आणि खाली पत्र्यावर पत्रा वेल्ड केलेला, अशा गाड्या मी बऱ्याच बघितल्या. स्क्रूड्रायव्हरचं टोक दाबून बघायचं. आत गेलं की किमतीची बोलणी तिथेच थांबवायची. जीपचा पत्रा जाड आणि बराचसा सपाट, त्यामुळे गावातला फॅब्रिकेशनवालाही तुकडा कापून नीट बसवतो. या बाबतीत जीप सरळ पुढे आहे.

आता जिप्सी. डिसेंबर १९८५ मध्ये आली तेव्हा ९७० सीसीचं, ४५ हॉर्सपॉवरचं इंजिन आणि चार गिअर होते. १९९३ मध्ये ॲक्सल रुंद झाले. १९९६ मध्ये किंग आली, १२९८ सीसी, ६० हॉर्सपॉवर, पाच गिअर. २००० मध्ये तेवढ्याच सीसीचं इंजिन एमपीएफआय, म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्शनचं, होऊन ८० हॉर्सपॉवरवर गेलं. घरी काम करायचं म्हणजे कार्ब्युरेटरवालीच सोपी, असं सांगणारे पुष्कळ भेटतील. दहा वर्षांपूर्वी मीही तेच सांगितलं असतं. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉल जुन्या रबराला सोसत नाही आणि हवेतलं पाणी ओढून घेतं. कार्ब्युरेटरचा डायफ्रॅम, पेट्रोलचे पाइप, पंपाचं रबर, सगळं एकामागून एक मऊ पडतं किंवा तडकतं, आणि पावसाळ्यात महिनाभर उभ्या राहिलेल्या गाडीच्या टाकीत गंज धरतो. एमपीएफआयलाही पाइप बदलावे लागतात, पण रोज सकाळी चोकशी झगडावं लागत नाही. शिवाय हे इंजिन मारुतीनं एस्टीम आणि व्हर्सामध्येही घातलं होतं, त्यामुळे सुटे भाग फक्त जिप्सीच्या भरवशावर नाहीत. म्हणून माझी निवड २००० नंतरची.

या इंजिनाचं हेडही ॲल्युमिनियमचं आणि ब्लॉकही. एकदा तापलं की हेड वाकतं. गाडी घरी आली की पहिल्याच आठवड्यात रेडिएटर काढून साफ करा, थर्मोस्टॅट आणि सगळे होज पाइप नवे घाला. टायमिंग बेल्ट कधी बदलला हे मालकाला छातीठोकपणे सांगता आलं नाही तर तोही बदला. हे सगळं घरी होतं.

जिप्सीवर माझा जीव जडला तो तिच्या ट्रान्सफर केसमुळे, म्हणजे इंजिनाची ताकद पुढच्या आणि मागच्या चाकांना वाटून देणाऱ्या पेटीमुळे. ती गिअरबॉक्सला चिकटलेली नाही. मधे एक आखूड प्रोपेलर शाफ्ट, आणि केस स्वतःच्या रबरी माउंटांवर वेगळी टांगलेली. माउंट झिजले की गाडी ठरावीक वेगाला थरथरते आणि लोक उगाच गिअरबॉक्स उघडायला निघतात. प्रत्यक्षात जॅकवर आधार देऊन केस एकट्यानं खाली घेता येते, आणि क्लच प्लेट बदलताना हीच सुटसुटीत मांडणी कामी येते. जीपची ट्रान्सफर केस गिअरबॉक्सच्या पाठीलाच बोल्ट केलेली. क्लचसाठी ते सगळं ओझं एकत्र उतरवायचं. आम्ही दोघा भावांनी आणि शेजारच्या एका मुलानं मिळून ते केलं, चेनपुली लावून, आणि पूर्ण दिवस गेला. परत चढवताना शाफ्ट क्लच प्लेटच्या खाचेत बसेना म्हणून संध्याकाळ झाली ती वेगळीच.

पुढचा ॲक्सल मात्र जिप्सीचा हट्टी. चाकामागच्या गोळ्यावर काळपट, पातळ ग्रीस ओघळलेलं दिसलं तर समजा की आतलं सील गेलंय आणि डिफरन्शियलचं ऑइल नकलच्या, म्हणजे चाक वळवणाऱ्या सांध्याच्या, ग्रीसमध्ये मिसळतंय. काम घरी होण्यासारखं आहे: हब काढायचा, किंगपिनच्या वरच्या-खालच्या टोप्या सोडायच्या, बेअरिंग, सील आणि फेल्ट नवं, मॉलिब्डेनमचं ग्रीस भरून बंद. टोप्यांखालच्या शिम (पातळ चकत्या) कुठल्या कुठे होत्या हे लिहून ठेवा. पहिल्या वेळी मी स्वस्तातलं, नावगाव नसलेलं सील घातलं आणि दोन महिन्यांत पुन्हा सगळं उघडलं. किंगपिनचे बेअरिंग ढिले राहिले तर साठच्या वेगाला खड्डा लागताच स्टीअरिंग असं काही थडथडतं की गाडी थांबवावीच लागते.

जीपची गोष्ट वेगळी, कारण तिथे डिझेल आहे. एमएम५४० मध्ये मुळात प्यूजोचं २११२ सीसीचं, ६२ हॉर्सपॉवरचं इंजिन. तिच्या घराण्यातल्या इतर गाड्यांत, आणि इंजिन बदललेल्या कित्येक जीपमध्ये, महिंद्राचं २५२३ सीसीचं एमडीआय डिझेल इंजिन मिळतं. त्याचं मूळ ट्रॅक्टरच्या इंजिनात आहे आणि पुढे ते बोलेरोतही आलं. पर्याय असेल तर एमडीआयवाली बघा. प्यूजो आवाजाला थोडं सौम्य, पण भाग शोधावे लागतात. एमडीआयचे तालुक्याच्या दुकानात मिळतात आणि ट्रॅक्टरचा मिस्त्रीही तिला घाबरत नाही. टॅपेट सेट करणं, डिझेल फिल्टर, लाइनमधली हवा काढणं, वॉटर पंप, सेल्फ, डायनामो ही कामं अंगणातली. डिझेल इंजेक्शनचा पंप आणि नोझल यांना हात लावायचा नाही. ते काढून पंपवाल्याकडे न्यायचे आणि त्यानं बेंचवर लावून दिल्यावर परत बसवायचे. फुल काम निघालं तर कोल्हापूरच्या उद्यमनगरसारख्या ठिकाणी क्रँक, ब्लॉक, हेड सगळं एकाच फेरीत होतं. जिप्सीचे भाग मी पुण्यात नाना पेठेत शोधतो, आणि पुलर, मोठे रिंग पाने असली जड हत्यारं जुन्या बाजारात, बुधवारी नाहीतर रविवारी.

चालवण्यातला फरक थोडक्यात: जिप्सी हलकी, चिखलातून तरंगत जाते, पेट्रोल मात्र पिते. जीप साठच्या पुढे कानाला आणि कमरेला नकोशी होते, पण घाटात दुसऱ्या गिअरवर नांगराला जुंपल्यासारखी चढते. पाटे (लीफ स्प्रिंग) दोन्हींना चारही कोपऱ्यांत, त्यामुळे आरामाचं नाव दोघींनी काढायचं नाही. ब्रेक बघा: किंगला पुढे डिस्क, जुन्या जीपला चारही ड्रम. ओढा ओलांडल्यावर पाय हलका दाबून ड्रम सुकवायची सवय लावून घ्यावी लागते.

बदलांबद्दल मी जरा कडक आहे. गाडी हातात आली की पहिल्या महिन्यात सगळ्यांना उंच करायची असते. दोन्हींचे पाटे मुळात ॲक्सलच्या खालून जातात; ते वर घेतले की गाडी एका दिवसात उंच होते. पण स्टीअरिंगच्या दांड्याचा कोन बिघडतो, प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस लवकर जातात, जोर दिला की ॲक्सल पाट्यासकट पिळवटतो, आणि वळणावर गाडी कलंडायला बघते. हे घरच्या वेल्डिंगवर करायचं काम नाही. त्याऐवजी पाटे उतरवून घासा, मधे ग्रीस घाला, शॅकलचे बुश आणि शॉकॲब्सॉर्बर नवे घाला. जिप्सीला एवढ्यानंच नवी गाडी घेतल्यासारखं वाटतं. टायर थोडे मोठे हवेत तर किंगच्या २०५/७० आर १५ ऐवजी २१५/७५ आर १५ पर्यंत थांबा. त्याहून मोठं टायर वळताना पत्र्याला घासतं आणि पुढच्या शाफ्टच्या जॉइंटवर ताण आणतं. गंमत म्हणजे दोन्ही गाड्यांच्या चाकांचे पाच बोल्ट १३९.७ मिलिमीटरच्या एकाच मापाच्या वर्तुळावर आहेत. म्हणून रिमची अदलाबदल सुचवणारे भेटतात. मधलं भोक आणि ऑफसेट (रिम किती आत-बाहेर बसते ते) मोजल्याशिवाय ते करू नका.

कायद्याची बाजू याहून महत्त्वाची. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९ चा निकाल यांचा अर्थ सरळ आहे: कंपनीनं दिलेल्या मूळ रचनेशी आणि आरसीतल्या नोंदींशी न जुळणारा बदल चालत नाही. इंजिन बदलायचं तर आधी आरटीओची परवानगी. लोखंडी बुलबारवर केंद्र सरकारनं डिसेंबर २०१७ मध्येच कारवाई करायला सांगितलंय. जिप्सीत डिझेल इंजिन बसवून कागदावर पेट्रोल ठेवलेल्या गाड्या विकायला येतात. कितीही गोड चालत असली तरी ती घेऊ नका.

जीप घेताना हा धोका दुप्पट. हरियाणातल्या मंडी डबवालीसारख्या ठिकाणी नव्या बॉडीच्या उघड्या जीप बनतात. काम देखणं असतं, पण अशा कुठल्याही बांधलेल्या जीपमध्ये आरसी एका गाडीची, चेसी दुसरीची आणि इंजिन तिसरीचं असू शकतं. चेसी नंबर स्वतः घासून, कागद ठेवून पेन्सिलीनं उतरवून घ्या आणि आरसीशी ताडून बघा. पंधरा वर्षांवरच्या खासगी गाडीच्या नोंदणी नूतनीकरणाचं शुल्क एप्रिल २०२२ मध्ये ६०० रुपयांवरून ५,००० झालं, २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या गाडीसाठी १०,००० झालं, शिवाय पर्यावरण कर वेगळा. किंमत ठरवताना हे धरा. नूतनीकरण विक्रेत्यानंच करून द्यायचं, ही अट मी तरी सोडत नाही.

२०१० ची थार सीआरडीई यात कुठे बसते, असं मला नेहमी विचारतात. गाडी म्हणून ती दोन्हींपेक्षा दमदार, १०५ हॉर्सपॉवर. पण कॉमन रेल इंजिन, सेन्सर, स्कॅनर, आणि पुढे पाट्यांऐवजी स्वतंत्र सस्पेन्शन. ऑइल, फिल्टर, ब्रेक घरी होतील. बाकी बऱ्याच कामांना वर्कशॉपच गाठावं लागेल. हात काळे करायचेत म्हणून गाडी घेताय, तर ती तुमच्यासाठी नाही.

जागेचं एक सांगायचं राहिलं. आमच्याकडे अंगणाला उतार आणि पडवीला शहाबादी फरशी. जॅकचं टोक फरशीवर टेकवलं की फरशी तडकते आणि गाडी सरकते. खाली जाड सागवानी फळी, चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे, आणि नुसत्या जॅकवर कधीच आत शिरायचं नाही. चेसीखाली दोन घोड्या (जॅक स्टँड) लावायच्या, मग गाडी हातानं हलवून बघायची. जिप्सीला तीन टनी घोड्यांची जोडी पुरून उरते. जीपलाही तीच चालते, पण गिअरबॉक्स उतरवायला डोक्यावर चेनपुली टांगायला मजबूत तुळई हवी. सोसायटीच्या पार्किंगमध्ये ती मिळत नाही. तिथे राहत असाल तर जिप्सीच घ्या, आणि बघायला जाताना टॉर्च, स्क्रूड्रायव्हर, जुनी चादर आणि नंबर उतरवायला कागद-पेन्सिल सोबत न्या.