ताग की केळीचा धागा?

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत भाच्याला वनस्पतींच्या धाग्यांचे कंपोझिट पत्रे काढायचेत, म्हणजे धागा रेझिनमध्ये (घट्ट होणाऱ्या चिकट द्रवात) बसवून केलेले पत्रे. घोडं अडलंय ते ताग घ्यायचा की केळी, यावर. ‘पर्यावरणपूरक’ दोघांवरही छापलेलं असतं, ते सोडा.

केळी जवळची. करमाळ्याकडे कंदरच्या पट्ट्यात घड उतरले की खोडं बांधावर पडतात. पण खोड फुकट म्हणजे धागा फुकट नव्हे. खोडात नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणीच, म्हणजे टेम्पोचं भाडं पाण्याला! धागा शेतावरच काढून वाळवायला हवा. ताग बंगालहून येतो, पण विणलेलं कापड तयार मिळतं: साच्यात अंथरा, रेझिन ओता, रोलर फिरवा. केळीचा सुटा धागा हातानं पसरताना इथे गुंता, तिथे विरळ. पत्रा विरळ जागीच तडकतो.

ओल दोघेही पितात. पावसाळ्यात धागा भट्टीत वाळवल्याशिवाय रेझिन लावलं तर बुडबुडे येतात, थर सुटतात. रेझिनचा खर्च दोन्हीकडे आहेच. ‘बायो’ इपॉक्सी (रेझिनचाच प्रकार) बहुधा अर्धवटच वनस्पतिजन्य असते, टक्केवारी विचारूनच घ्यावी.

एकसारखे पत्रे वेळेत द्यायचे असतील तर ताग. धागा दिसावा अशा शोभेच्या, थोड्या नगांना केळी, तीही शेतावर यंत्र बसवणारा शेतकरी मिळाला तरच.