म्हातारपण कुठं काढावं: गावात की पोराच्या फ्लॅटवर?

२०११ च्या जनगणनेतच महाराष्ट्रात शंभरातली जवळपास १० माणसं साठीपुढची होती. आमच्या यवतमाळकडच्या गावातली तरणी पोरं नागपूर-पुण्याला गेली. मागं राहिले आईबाप.

फ्लॅटवर दवाखाना दहा मिनिटांवर. रात्री छातीत दुखलं तर जीव वाचतो, हे खरंच. पण लिफ्ट बंद पडली की बाबा तिसऱ्या मजल्यावर अडकतात.

गावात पारावर सोबती आहेत. आई अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसते. सकाळी दार उघडलं नाही तर शेजारची काकू हाक मारते. २०२२ पासून पंचाहत्तरीपुढच्यांना एसटी मोफत झाली, पण आमच्याकडे ती दिवसातून दोनदाच येते आणि बीपीच्या गोळ्यांसाठी तालुका गाठावा लागतो.

तरी मी गावाच्याच बाजूनं. गोळ्या उपकेंद्रात मिळाल्या आणि संध्याकाळची एक गाडी वाढली, तर आईला घर सोडावं लागणार नाही.