किशोरवयीन मुलींचा स्त्रीरोग विभाग: पाचपैकी चार तारे

माझ्या मुलीला बाराव्या वर्षी पाळी सुरू झाली आणि चौथ्या महिन्यापासून दर पाळीला उजव्या ओटीपोटात असह्य दुखू लागले. पाळी नियमित येत असल्यामुळे आत कोठे अडथळा असेल अशी शंका कोणालाच आली नाही. आधीच्या दवाखान्यात वेदनाशामक गोळ्या मिळाल्या आणि ‘सुरुवातीला दुखतेच’ हे उत्तर मिळाले. सोनोग्राफीच्या अहवालात ‘उजवे मूत्रपिंड दिसत नाही’ असे लिहिले होते, पण त्यावर कोणी काही विचारले नाही.

पुण्यातील या रुग्णालयात डॉक्टरबाईंनी फाईल उघडताच त्याच ओळीवर बोट ठेवले. गर्भावस्थेत मूत्रपिंड आणि गर्भाशय ज्या नलिकांपासून घडतात त्या शेजारी-शेजारी असतात, म्हणून एका बाजूचे मूत्रपिंड नसेल तर त्याच बाजूचा जननमार्गही तपासावा लागतो, हे त्यांनी कागदावर चित्र काढून, माझ्याशी नव्हे तर मुलीशी बोलत समजावले. आतून तपासणी केली नाही; एमआरआयवरून निदान पक्के झाले. गर्भाशये दोन होती आणि उजव्या बाजूचा योनीमार्ग जन्मजात पडद्याने बंद होता. डाव्या बाजूचा स्राव बाहेर येई, उजव्या बाजूचे रक्त मात्र आत साचत राही. या विकाराला ओहवीरा सिंड्रोम म्हणतात.

‘सुईने रक्त काढून टाकता येणार नाही का?’ असे मी विचारले, तेव्हा छिद्र पुन्हा बुजते आणि साचलेल्या रक्तात जंतुसंसर्ग होऊ शकतो, असे स्पष्ट उत्तर मिळाले. पूर्ण भूल देऊन, पोटावर छेद न घेता योनीमार्गातूनच पडदा रुंद कापून काढला. दोन्ही गर्भाशये राखली. दुसऱ्या दिवशी आम्ही घरी आलो. त्यानंतरच्या पाळीत मुलगी शाळेत गेली. मूत्रपिंड एकच असल्याने रक्तदाब आणि लघवीची तपासणी दरवर्षी करायला सांगितली आहे.

एक तारा कापला तो व्यवस्थेसाठी. वेळ घेऊनही दोन तास थांबावे लागले, तेही प्रसूतीच्या रुग्णांच्या बाकावर, जिथे येणारी-जाणारी प्रत्येक बाई मुलीकडे निरखून बघत होती. नोंदणीच्या अर्जात ‘पतीचे नाव’ हा रकाना सक्तीचा होता. मुलीने तेथे स्वतःच रेघ मारली.